एकच, पण तोंडात लागलेला

"पाय उचलू नकोस! बर्नी, पाय उचलू नकोस म्हणतोय ना मी! घसटत ने, घसटत!"

"घसटतच नेतेय!" नदीतून उत्तर आलं.

"कसलं घसटत? कवायत करतेयस तू! उचलतेयस, टाकतेयस! खालचे दगड शेवाळलेत. एका पायावर उभी राहिलीस की गेलीसच म्हणून समज!"

"गेले की मग ओरड ना! अजून आहे मी!"

नदीतले पुरुष हसले. क्लीटस रोरबाखरनं थर्मासचं झाकण इतकं घट्ट पिळलं की ते आट्यांवरून सटकलं. अकरा दिवस हेच चाललं होतं. रोज पहाटे सहाला आणि पुन्हा दुपारी चारला तो मॉमी नदीच्या काठी, सायकॅमोरच्या बुंध्याशी घडीची खुर्ची टाकून, मांडीवर घोंगडी घेऊन बसत होता आणि घसा फोडून घेत होता. आणि बायको अजून पाय उचलत होती.

समोर कमरेइतक्या पाण्यात तीस-चाळीस जणांची रांग उभी होती. एप्रिलमध्ये एरी सरोवरातले वॉलआय मासे अंडी घालायला नदीत वर चढतात आणि त्यांच्यामागे अर्धा ओहायो पाण्यात उतरतो. रांगेची एक शिस्त असते. सगळ्यांनी गळ एकदम टाकायचा, एकदम वाहू द्यायचा, एकदम गुंडाळून घ्यायचा. एकाचा ताल चुकला की सहा जणांच्या दोऱ्यांचा गुंता. अकरा दिवसांत असे गुंते किती झाले, ते क्लीटसनं मोजायचं सोडून दिलं होतं. दर वेळी रांगेतून "काही हरकत नाही, बर्नाडीन!" असं गोड उत्तर यायचं. हेच कुणा नवख्या पोरानं केलं असतं तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

आणि ती दिसत तरी कशी होती! क्लीटस सहा फूट तीन इंच, बर्नाडीन पाच फूट दोन. त्याची छातीपर्यंतची रबरी विजार तिच्या हनुवटीला टेकत होती आणि गुडघ्यांशी तिच्या घड्याच घड्या पडत होत्या. त्याच्या विजारीच्या बुटांत तिनं लोकरी मोज्यांचे तीन जोड कोंबले होते. खांद्यांवरचे पट्टे शेवटपर्यंत ओढूनही सैलच राहत, म्हणून पाठीमागे ते कपड्यांच्या चिमट्यांनी धरले होते. गळ टाकता टाकता रोज एखादा चिमटा टण्णकन उडून नदीत जायचा.

"पट्टे कापून आखूड करून दे ना," पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती. "शिवणकाम येतं तुला."

"खबरदार. ऑक्टोबरमध्ये मला लागेल ती विजार."

बर्नाडीननं त्याच्याकडे पाहिलं होतं, आणि मग धुण्याच्या खोलीतून चिमट्यांचा डबा घेऊन आली होती.

ऑक्टोबरमध्ये काय किंवा आणखी कधी काय, विजार त्याला लागणार नव्हती. साखरेच्या दुखण्यानं त्याच्या तळपायांची संवेदना गेली होती. गेल्या एप्रिलमध्ये, याच जागी, त्याचा पाय एका दगडावर पडला आणि दगड कलता आहे हे त्याला कळलंच नाही. पुढचं त्याला आठवत नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मित्रानं, वेंडेलनं, मानगुटीला धरून बाहेर काढलं, एवढं नंतर सगळ्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाई त्याच्या निम्म्या वयाच्या. त्यांनी त्याच्या तळव्यांना टाचणी लावून बघितली आणि म्हणाल्या, "मिस्टर रोरबाखर, नदी बंद. गाडीही बंद." जणू एक दिवा बंद, दुसराही बंद.

चौतीस वर्षं क्लीटसनं पेरिसबर्गच्या शाळेत बॉयलर, नळ आणि बिजागऱ्या सांभाळल्या होत्या. त्या चौतीस वर्षांत कुणी त्याचं फारसं नाव घेतलं नाही. नळ गळत नसला की नळवाल्याची आठवण कुणाला येणार? पण एप्रिलमध्ये नदीवर तो कुणीतरी होता. नवखे लोक रांगेत शिरण्याआधी त्याच्याकडे येत. दोरी तळाशी न्यायला शिसं किती वजनाचं? दोरी किती लांब? पाणी गढूळ असलं तर गळाला रबरी शेपटी कुठल्या रंगाची लावायची? तो वैतागून सांगायचा, पण सांगायचा. आणि दर वर्षी गुड फ्रायडेला, त्या दिवशी मांस वर्ज्य म्हणून, त्यानं धरलेला मासा बर्नाडीन तळायची. लग्न झाल्यापासूनच्या त्रेचाळीस वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता.

त्या हिवाळ्यात तो खिडकीशी बसून राहिला. घरापासून दोन गल्ल्यांवर नदी, झाडांची पानं गळली की पाण्याची चकाकी दिसायची. फेब्रुवारीत त्यांची मुलगी मार्ला सिनसिनाटीहून आली. तिच्या घराजवळ तळमजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा होत होता. "बाबा, जिना नाही, बर्फ उपसायचा नाही, मी पाच मिनिटांवर."

"जाऊ या," क्लीटस म्हणाला.

कणीक मळणारे बर्नाडीनचे हात थांबले. "काय म्हणालास?"

"जाऊ या म्हणालो. रोज नदी बघायची आणि उतरायचं नाही, त्यापेक्षा नदीच नको."

"आणि मी? माझं इथं काही आहे की नाही? चर्चचं स्वयंपाकघर आहे, माझे रुबार्बचे वाफे आहेत, पलीकडच्या घरात थेरेसा आहे. तीस वर्षं या गावच्या पोरांना मी शाळेत जेवू घातलंय, रस्त्यात भेटली की अजून मिठी मारतात ती. सिनसिनाटीत मला कुत्रं तरी ओळखतं का?"

"मग तू राहा."

असं तो बोलला खरा. बर्नाडीन मार्लासमोर रडली नाही. रात्री पांघरूण ओढताना म्हणाली, "तुला नदीतून मासाच हवा ना? मी धरीन."

क्लीटस इतका हसला की खोकला लागला.

"हस. पैज लाव. गुड फ्रायडेच्या सूर्यास्तापर्यंत मी एक मासा धरला, तर आपण इथंच राहायचं आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. नाही धरला तर मे महिन्यात मी निमूटपणे खोकी भरते."

"एकच?"

"एकच."

"पण तोंडात लागलेला," क्लीटस म्हणाला. "अंगात कुठेतरी गळ घुसलेला चालणार नाही. तो सोडायचा."

"ते मला सांगू नकोस. त्रेचाळीस वर्षं तेच ऐकतेय."

नियम सरकारचाच होता: तोंडाबाहेर गळ लागलेला मासा तिथल्या तिथं परत पाण्यात. पण बरेच जण इकडेतिकडे बघून तो कमरेच्या दोरीला अडकवत आणि बरेच जण ते बघून न बघितल्यासारखं करत. क्लीटस करत नसे. भर रांगेत तो ओरडायचा, "ए, तो पोटात लागलाय! धरलेला नाही तू, चोरलायस!" यावरून दोनदा मारामारीची पाळी आली होती. मार्ला नऊ वर्षांची असताना तिनं आयुष्यातला पहिला मासा ओढला, तिच्या हाताएवढा लांब, पण गळ गालफडाच्या मागे लागलेला. क्लीटसनं तिच्याकडून तो सोडवला. पोर घरी येईपर्यंत हमसून हमसून रडली आणि त्यानंतर कधी नदीवर आली नाही. त्यात आपलं चुकलं असं क्लीटसनं कधी म्हटलं नव्हतं. वाटलं मात्र होतं, पुष्कळदा.

पैज लागली आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं बारा नियम कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले. पाय घसटत न्यावा. प्रवाहाला आडवं उभं राहावं, तोंड करून नव्हे. कमरेचा पट्टा आवळावा, म्हणजे पडल्यास विजारीत पाणी भरत नाही. गळ किंचित वरच्या अंगाला टाकावा. शिसं तळाला टकटक करत वाहू द्यावं. टकटक थांबली तर शिसं अडकलं. टकटक मऊ झाली तर मासा. काठीला उगाच हिसके देऊ नयेत, हिसक्यानं मासे अंगात लागतात. असे बारा. संध्याकाळी बघतो तर खाली बर्नाडीनच्या अक्षरात तेरावा नियम होता: "नवऱ्याला घरी ठेवावे."

पण सामानासाठी काढलेल्या गाडीत तो रोज तिच्या शेजारी बसलेला असायचाच. गाडीही तीच चालवायची, आणि त्यातही तो सांगायचा, डावीकडे बघ.

पहिल्या दिवशी तिनं गळ टाकला तो मागच्या फांदीत. दुसऱ्या दिवशी वेंडेलच्या टोपीत. तिसऱ्या दिवसापासून नदीत पडू लागला, पण शिसं दगडांत अडकायचं आणि दोरी तुटायची. मग ती काठावर यायची आणि क्लीटस वैतागत नवी गाठ मारून द्यायचा.

"बर्नी, तळ कळला पाहिजे. हातात टकटक येतेय का?"

"येतेय."

"कसली येतेय? दगडाची की मातीची?"

"मला काय ठाऊक! टकटक म्हणजे टकटक!"

"अगं, तीस वर्षं शंभर लिटरच्या पातेल्यात डाव घातलास ना तू? खाली लागायला लागलं की कळायचं की नाही हाताला?"

बर्नाडीन थबकली. "कळायचं."

"मग तेच! इतका वेळ काय सूप ढवळत होतीस?"

"असं आधी सांगितलं असतंस तर? तू आपला 'स्पंदन' आणि 'ताण' आणि काय काय. माणसासारखं बोलावं की जरा!"

त्या दिवशी ती पाण्यात परत गेली आणि तासाभरात शिसं एकदाही अडकलं नाही. क्लीटसनं काही शाबासकी दिली नाही. खुर्चीचे हात मात्र त्यानं धरून ठेवले होते, हे त्याला बोटं दुखायला लागल्यावर कळलं, आणि त्याचा त्याला रागच आला. तिनं हरावं, खोकी भरावीत आणि ही नदी एकदाची डोळ्यांआड व्हावी असंच त्याला हवं होतं. हवं होतं ना? मग हात कशाला आवळले होते?

गुरुवारी संध्याकाळी वेंडेल नदीतून वर आला आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसला. वेंडेल त्याच्याच वयाचा, पोस्टात होता. त्याच्या कमरेच्या दोरीला चार मासे लटकत होते आणि त्यांचे ते पांढुरके, काचेरी डोळे क्लीटसकडे बघत होते.

"ऐक," वेंडेल कुजबुजला. "उद्या मी तिच्या शेजारी उभा राहतो. तिची दोरी माझ्या दोरीत अडकली असं करतो, सोडवता सोडवता तिच्या गळाला एक चांगला मासा लावून देतो. तोंडात. तिला पत्ता लागणार नाही."

क्लीटसचा चेहरा लाल झाला. "माझ्या बायकोला फसवायचं म्हणतोस?"

"फसवायचं काय त्यात? तुम्ही इथं राहाल! तू गेल्यावर मी एप्रिलमध्ये कुणाच्या शिव्या खायच्या?"

"चालता हो, वेंडेल."

"क्लीट, तुला जायचंय तरी का? माझ्याकडे बघून सांग."

"चालता हो म्हटलं ना!"

वेंडेल उठला. जाताना एवढंच म्हणाला, "गाढव आहेस. आधीपासूनच होतास."

गुड फ्रायडेला दुपारी तीनला चर्च सुटलं आणि ती दोघं चारला नदीवर होती. आभाळ भरलेलं, पाणी फुटभर उतरलेलं. बर्नाडीननं विजार चढवली, चिमटे लावून घेण्यासाठी त्याच्याकडे पाठ केली, आणि त्यानं ते लावले. चिमटे चारच उरले होते.

"बर्नी."

"काय?"

त्याला काहीतरी बोलायचं होतं. "पट्टा आवळ," तो म्हणाला.

पाच वाजले, सहा वाजले. रांगेत मासे लागत होते, डावीकडे, उजवीकडे, तिच्या अगदी शेजारच्या माणसालासुद्धा. तिला काही नाही. क्लीटस ओरडत नव्हता, त्यामुळे रांगेतले लोक वळून वळून बघू लागले. सात वाजले. या दिवसांत सूर्य मावळला की सगळ्यांचे गळ पाण्याबाहेर निघालेच पाहिजेत, आणि आज सूर्य आठच्या जरा नंतर मावळणार होता. बर्नाडीन पाय घसटत, हो, घसटत, दोन पावलं पुढं गेली. तिथं, नदीतल्या बेटाच्या टोकाखाली, एक बुडालेला दगड होता, जिथं पाण्याची ओढ मंदावते आणि मासे थांबतात; क्लीटसची वर्षानुवर्षांची जागा. ही जागा त्यानं तिला सांगितली नव्हती, कुणालाच सांगितली नव्हती. अकरा दिवस प्रवाह बघून तिची तिनंच ती शोधली होती.

"मूर्ख, खोल आहे तिथं," तो पुटपुटला, आणि उठून उभा राहिला.

आठला पाच-सात मिनिटं असताना तिची काठी वाकली.

"दगड!" ती ओरडली. मग, "नाही! नाही, क्लीट, दगड नाही!"

"हिसका देऊ नकोस!" क्लीटसचा बसलेला घसा फुटला. "काठी उभी धर! उभी! दोरी सैल सोडू नकोस! पळतोय तर पळू दे! बर्नी, पळू दे त्याला, दमेल तो! आता गुंडाळ! अगं गुंडाळ ना, बघत काय राहिलीस!"

"गुंडाळतेय! ओरडू नकोस!"

सगळ्या रांगेनं आपापले गळ काढून घेतले. तीस-चाळीस माणसं काठ्या उभ्या धरून नुसती बघत राहिली. एक चिमटा उडाला, मग दुसरा, एक पट्टा कोपरापर्यंत घसरला, पण तिनं काठी सोडली नाही. पाण्यात एक मोठी, सोनेरी-हिरवट कूस वळली. मादी होती, अंड्यांनी टम्म फुगलेली, पाच किलोच्या आतली तर नक्कीच नव्हे. क्लीटसनं स्वतः त्रेचाळीस वर्षांत असे दोन धरले होते. वेंडेल जाळी घेऊन पुढं झाला आणि मासा जाळीत आला.

रांगेतून आरोळी उठली. क्लीटस ओरडला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यानं पुसलंही नाही. आता राहायचं. घर, नदी, ही खुर्ची, वेंडेलची बडबड. त्याला इथंच राहायचं होतं. अकरा दिवस, नव्हे पूर्ण हिवाळाभर त्याला इथंच राहायचं होतं.

मग त्याच्या लक्षात आलं की जाळीवर वाकलेली बर्नाडीन हलत नाहीये. वेंडेलही हलत नाहीये.

"कुठं लागलाय?" क्लीटसनं विचारलं.

ती जाळीवर आणखी वाकली.

"बर्नी! गळ कुठं लागलाय?"

काठावरून त्याला काहीच दिसत नव्हतं. उजेड उतरला होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती. ती 'तोंडात' म्हणाली असती, तर वेंडेलनं मान डोलावली असती. क्लीटसनं मानलं असतं.

बर्नाडीन वळली. "पाठीत," ती म्हणाली. "वरच्या पंखाच्या बुडाशी."

"असू दे!" क्लीटस ओरडला.

सबंध रांगेनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"असू दे म्हणतोय मी! ठेव तो! ठेव, बर्नी! कोण बघतंय!"

बर्नाडीन नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी होती, एक पट्टा कोपरात लोंबत, केस कपाळाला चिकटलेले, नाक गळत होतं. तिनं आपल्या नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याचा हात आपोआप खाली आला.

"त्रेचाळीस वर्षं," ती म्हणाली. "त्रेचाळीस वर्षं माझं डोकं उठवलंस. तोंडात, तोंडात, तोंडात! पोटच्या पोरीला रडवलंस! आणि आज माझ्यासाठी सूट देतोयस? मला? मी काय नवखी आहे?"

तिनं वेंडेलच्या हातातली जाळी ओढून घेतली, गळ सोडवला, मासा दोन्ही हातांनी पाण्याखाली धरला, तोंड प्रवाहाकडे करून, तो बारा नियमांतला अकरावा होता, आणि माशानं शेपटी हलवली तेव्हा हात काढून घेतले.

मग टेकडीमागे दिवस बुडाला आणि एकेक जण काठाकडे निघाला. वेंडेल जवळून गेला. जाताना त्यानं टोपी काढली, पण क्लीटसकडे नव्हे, बर्नाडीनकडे बघून.

घरी आल्यावर बर्नाडीननं फ्रीझरमधून माशांच्या कांड्यांचा खोका काढला. शाळेत पोरांना घालायची तसल्या, पावाच्या चुऱ्यात घोळलेल्या, कुठल्या समुद्रातल्या देव जाणे. त्या ओव्हनमध्ये भाजल्या, दोन बशांत मांडल्या आणि टेबलावर आदळल्या.

"खा."

क्लीटसनं खाल्ल्या. चव पुठ्ठ्याची होती. त्यानं आणखी दोन मागून घेतल्या.

फोन वाजला. बर्नाडीन उठली नाही, म्हणून त्यानंच उचलला. मार्ला होती.

"बाबा, काय झालं? आईनं धरला का मासा? मी सोमवारी खोकी घेऊन येऊ का? फ्लॅटवाल्याला उत्तर द्यायचंय."

क्लीटसनं बर्नाडीनकडे पाहिलं. ती बशीतल्या कुसकरलेल्या कांडीवरून काटा फिरवत होती. तिचं बोट दोरीनं कापलं होतं आणि तिनं त्यावर चिकटपट्टीही लावली नव्हती.

"नाही जमायचं," क्लीटस म्हणाला.

"काय नाही जमायचं?"

"येणं. तुझ्या आईला अजून काही येत नाही. गळ टाकते तो वेडावाकडा. गाठ मारता येत नाही. मासा लागला की आधी 'दगड' म्हणून ओरडते. मी गेलो तर तिला शिकवणार कोण? तो वेंडेल? त्याला स्वतःलाच येत नाही."

काटा थांबला.

"बाबा, पण पैज कोण..."

"दोन-तीन वर्षं तरी लागतील. जास्तच, डोकं जड आहे तिचं." तो थोडा थांबला. "मार्ला."

"हं?"

"पुढच्या शनिवारी ये. तुझ्या आईच्या शेजारी जागा असते रांगेत. ओरडणार नाही मी."

"ओरडशील तू," मार्ला म्हणाली.

"हो, ओरडेन. पण ये."

फोन ठेवून तो पाय घसटत मागच्या खोलीत गेला. विजार खुंटीला उलटी लटकत होती, बुटांतून अजून थेंब गळत होते. तिथून तो ओरडला, "बर्नी! इकडे ये. आणि शिवणाचा डबा आण."

तिनं आणला. डब्यातली मोठी कात्री पाहून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"चढव ती."

"ओली आहे."

"मग? नदीत काय कोरडी असते? चढव, आणि ताठ उभी राहा. खांदे पाडू नकोस."

ती स्टुलावर चढली. त्यानं एक पट्टा तिच्या खांद्यावरून ओढून घेतला, दुसरा ओढून घेतला, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बोटांनी मापून पाहिलं, खडूनं खूण केली, पुन्हा मापलं. आणि कापलं. जाड पट्टा होता, कात्री दोन-तीनदा चालवावी लागली.

"दुखतंय का कुठे?"

"नाही."

"मान वळवून बघ. हात वर कर. काठी फेकतेस तशी फेक. सैल आहे?"

"नाही," बर्नाडीन म्हणाली. "बरोबर आहे."

त्यानं सुईत दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात, आणि टाके घालू लागला. दुहेरी, शाळेच्या ताडपत्र्या शिवायचा तसे. ती स्टुलावर त्याच्या डोक्याइतक्या उंचीवर, न हलता उभी राहिली. काम संपल्यावर ती खाली उतरली आणि जमिनीवर पडलेले पट्ट्यांचे दोन तुकडे उचलून केराच्या टोपलीकडे निघाली.

"राहू दे," क्लीटस म्हणाला.

तिनं ते त्याच्या हातात दिले. वीतभर लांब असतील, इतक्या वर्षांच्या घामानं कडक झालेले. त्यानं दोन्ही एकावर एक ठेवून नीट घडी केली, सदऱ्याच्या खिशात घातली, आणि खिशाचं बटण लावलं.

"सहाला निघायचंय," तो म्हणाला. "पाणी आणखी उतरेल उद्या."